एक खाट, दोन वैद्यके

चिनी वैद्यक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने सुयाच उभ्या राहतात. अंगभर सुया टोचून घेतलेला, साळिंदरासारखा दिसणारा एखादा इसम कुठल्याशा चित्रात पाहिलेला असतो, आणि तेवढ्या भांडवलावर आपण त्या शास्त्राला एक तर डोक्यावर घेतो, नाही तर हसण्यावारी नेतो. मला दोन्ही पसंत नाही. पंचवीस वर्षे इस्पितळात परिचारिकेचे काम केल्यामुळे माझे कुतूहल निराळे आहे. एकाच खाटेवरच्या दुखणाइताला दोन शास्त्रांचे उपचार चालू असतील, तर त्याच्यावर नजर कोणी ठेवायची?

जेम्स रेस्टन या नामांकित अमेरिकन पत्रकाराची हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. १९७१ च्या जुलैत ते पेकिंगला गेले आणि तेथेच त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. सुया टोचून त्यांचे पोट कापले, अशी दंतकथा पुढे जगभर पसरली. ती खोटी आहे. शस्त्रक्रिया आपल्याकडे होते तशीच, बधिरतेचे इंजेक्शन देऊन झाली. सुया आल्या त्या दुसऱ्या रात्री. पोटात वारा धरला, जीव कासावीस झाला, तेव्हा इस्पितळातल्याच एका चिनी डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या कोपराशी आणि गुडघ्यांखाली तीन बारीक सुया खुपसल्या आणि एक वनस्पती पेटवून तिचा शेक पोटाजवळ धरला. तासाभरात आराम पडला, असे त्यांनी स्वतःच त्याच महिन्यात आपल्या वृत्तपत्रात लिहिले. वारा आपोआपही सरला असता, असे शंकेखोर म्हणतील. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही हे खरेच. पण मला त्यात दिसते ती कामाची वाटणी. कापण्याचे काम एका शास्त्राचे, कापल्यानंतरची रात्र निभावण्याचे काम दुसऱ्याचे!

ही वाटणी चीनमध्ये काही योगायोगाने झाली नाही. १९५५ साली पेकिंगला चिनी वैद्यकाची अकादमी निघाली आणि पाश्चात्त्य विद्या शिकलेल्या डॉक्टरांना जुने शास्त्र शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. आज तेथील चिनी वैद्यकाच्या मोठ्या इस्पितळांत क्ष-किरण आहेत, शस्त्रक्रियागृह आहे. उलट साध्या इस्पितळांतही चिनी औषधांचा विभाग असतो. सुया टोचणे हे मुख्यतः डॉक्टरांचे काम. पण शेक देणे, पेले लावणे, बिंदू दाबणे, काढा वेळेवर पाजणे आणि त्याच्यात नि गोळ्यांत अंतर राखणे, हा सारा संसार परिचारिकेचा.

शेकाचेच पाहा. आपल्या दवण्याच्या कुळातली एक वनस्पती वाळवून, कुटून, तिची विडीसारखी जाड कांडी वळतात. ती पेटवून कातडीपासून इंचभर अंतरावर धरायची, राख वाटीत झाडायची, आणि दहापंधरा मिनिटांत त्वचा गुलाबी झाली की थांबायचे. सोपे वाटते ना? पण दुखणाईत मधुमेहाचा असेल, पाय बधिर असतील, तर भाजल्याचे त्याला कळणारच नाही. म्हणून परिचारिका त्या जागेच्या दोन्ही बाजूंना आपली दोन बोटे टेकवून ठेवते. ऊन किती लागते ते तिच्या बोटांनी सांगायचे! कोणत्याही यंत्राहून मला ही युक्ती अधिक आवडली.

दुसरा उपचार तर घरातल्या कोणालाही जमेल. मनगटाच्या वळीपासून दुखणाइताचीच तीन बोटे वर मोजावी. तेथे दोन स्नायुरज्जूंच्या मधोमध ‘नेइ-कुआन’ नावाचा बिंदू येतो. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ त्याच्या दाबाने कमी होते, असे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर आढळले आहे. झोप यावी म्हणून कानाच्या पाळीवर मोहरीएवढ्या बिया चिकटपट्टीने लावून त्या दिवसातून काही वेळा दाबण्याचीही तेथे चाल आहे; तिच्याबद्दलचा पुरावा मात्र मला अजून कच्चाच वाटतो.

आता दुसरी बाजू. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज फार घातक. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या कितीतरी स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. एका मुळीच्या जागी दुसरीच, विषारी मुळी त्यांत गेली होती. ‘तान-शन’ ही चिनी मुळी हृदयविकारावर देतात. पण रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असता ती पोटात गेली, तर रक्तस्रावाची भीती. आणि ज्येष्ठमध? असंख्य चिनी काढ्यांत ते असते, आपल्याही घरोघरी असते. फार दिवस, फार प्रमाणात घेतले तर शरीरातले पोटॅशियम उतरते, आणि लघवी होण्याच्या किंवा डिगॉक्सिनच्या गोळ्या चालू असतील तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यांतले एकही औषध मुळात त्याज्य नव्हे. एकाला दुसऱ्याची खबर नसणे, हे खरे विष.

आपला या विद्येशी संबंध जुना आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ साली तेथेच वारले. त्यांची पत्नी को चिंगलान स्वतः परिचारिका. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुया टोचण्याची विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ती भारतात आणली.

विद्या आली, पण दोन्ही औषधे एकाच कागदावर लिहिण्याची शिस्त काही तिच्याबरोबर आली नाही. आपल्याकडे वैद्यबुवांचा काढा डॉक्टरांपासून लपवायचा आणि डॉक्टरांच्या गोळ्या वैद्यबुवांपासून! ‘डॉक्टर रागावतील हो सिस्टर,’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! आणि काही डॉक्टर रागावतही, हे खोटे कशाला सांगू?

म्हणून नवा दुखणाईत खाटेवर आला की मी एक प्रश्न ठरवून विचारीत असे. ‘काही काढाबिढा घेता का?’ असे विचारले तर हमखास ‘छे छे’ असे उत्तर येते. मी विचारी, ‘आजी, काढा कोणता चालू आहे?’ आजी आधी सुनेकडे बघत, मग दाराकडे, आणि मग हळूच पिशवीतून बाटली बाहेर येई. तिच्यावरचे नाव मी केसपेपरवर लिही, वॉर्फरिनच्या बरोबर खालच्या ओळीत.