न दिसणारा धागा

धर्मश्रद्धा आणि घरातील जिव्हाळा ह्यांच्या आधारावर मुलांसाठी अद्भुतकथा रचावयाची, म्हणजे एखाद्या बोधवचनाला राक्षसाची शिंगे आणि परीचे पंख लावावयाचे, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित पालकांची असते. आणि अशा रीतीने सिद्ध झालेली पुस्तके मुले दोन पाने चाळून बाजूला ठेवतात, ह्यात मुलांचा काडीइतकाही दोष नाही. ज्यांना हे काम खरोखर साधले त्यांची हकीकत निराळी आहे. इंग्रजी वाङ्मयातील जॉर्ज मॅकडॉनल्ड, जे. आर. आर. टॉल्किन आणि सी. एस. लुइस हे तिघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते, आणि तिघांचीही आई त्यांच्या लहानपणीच गेली. मॅकडॉनल्ड तेव्हा आठ वर्षांचे होते, लुइस नऊ, टॉल्किन बारा. त्यांच्या कथांतील दैत्य, बुटके आणि बोलणारे पशू ह्यांच्या आड एक रिकामी झालेली माजघराची जागा मला सारखी दिसत राहते.

मॅकडॉनल्ड १८२४ साली स्कॉटलंडात जन्मले आणि पुढे इंग्लंडातील अरुंडेल गावी धर्मोपदेशक झाले; परंतु ईश्वराची करुणा कोणाही जिवाला कायमची टाकून देणार नाही ही त्यांची शिकवण तेथील मंडळीस मानवेना, तिने त्यांचे वेतन कमी केले, आणि अखेर १८५३ साली त्यांनी ते पद सोडले. घरात मुले अकरा, उत्पन्न बेताचे, आणि क्षयाचा पिढीजात घाला. अशा संसारात १८७२ साली त्यांची ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ ही कथा पुस्तकरूपाने आली. तिच्यातील आयरीन ह्या लहान राजकन्येची पणजीच्याही आधीची एक आजी वाड्याच्या मनोऱ्यात चरख्यावर सूत काढीत बसलेली असते. ते सूत इतके तलम की ते डोळ्यांना दिसत नाही, केवळ बोटाला लागते. आणि संकटकाळी ह्या धाग्यावर बोट ठेवून नेईल तिकडे जावे, एवढीच आजीची आज्ञा. प्रत्यक्ष प्रसंग येतो तेव्हा हा धागा मुलीला सुरक्षित दालनात न नेता डोंगराच्या पोटात, गॉब्लिन नावाच्या दुष्ट बुटक्यांच्या अंधाऱ्या विवरात घेऊन जातो. दगडांच्या राशीपाशी येऊन आत शिरतो. आणि मागे फिरण्यासाठी ती उलट्या दिशेने चाचपू लागताच बोटाखालून नाहीसा होतो. ती रडते, मग एकेक दगड दूर सारू लागते, आणि राशीपलीकडे तिला कोंडलेला खाणकामगार मुलगा कर्डी सापडतो. ह्या सबंध प्रसंगात श्रद्धा म्हणजे काय ह्याची व्याख्या कोणी करीत नाही. ती एका मुलीच्या बोटाला लागते, इतकेच. पुढे कर्डीला ना धागा जाणवतो, ना आजी दिसते, आणि म्हणून तो मुलीवरच रुष्ट होतो, तेव्हा त्याच्यावर रागावू नये, त्याला अवधी द्यावा, असे आजीच तिला समजावते. श्रद्धेचा पुरस्कार करणाऱ्या लेखकाने अश्रद्धाला दिलेली ही सवलत मला त्या पुस्तकातील सर्वांत धार्मिक गोष्ट वाटते.

टॉल्किन ह्यांच्या विधवा मातेने १९०० साली कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्यापायी आप्तांची आर्थिक मदत गमावली. १९०४ साली मधुमेहाने, म्हणजे इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वीच्या काळात, तिचा अंत झाला; मृत्यूपूर्वी तिने दोन्ही मुलांचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन ह्या धर्मगुरूंकडे सोपविण्याची तजवीज केली होती. आईने आपल्या श्रद्धेसाठी प्राण वेचले ही भावना टॉल्किन ह्यांच्या मनातून कधीच गेली नाही. ते स्वतः पिता झाले तेव्हा १९२० पासून वीस वर्षांहून अधिक काळ दर नाताळात उत्तर ध्रुवावरून ‘फादर ख्रिसमस’चे कापऱ्या अक्षरातील सचित्र पत्र, हाताने रंगविलेल्या तिकिटासह, मुलांना येत असे. १९२५ साली समुद्रकाठी दुसऱ्या मुलाचे खेळण्यातले कुत्रे हरवले, तेव्हा त्याच्या सांत्वनासाठी त्यांनी खेळणे झालेल्या एका कुत्र्याची लांबलचक गोष्ट रचली. ‘द हॉबिट’ १९३७ साली छापले गेले, ते अशा घरातून.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कृती मुळात धार्मिक आहे, असे टॉल्किन ह्यांनी १९५३ साली एका जेझुइट स्नेह्यास कळविले. आणि त्याच पत्रात, त्या सृष्टीतून पूजा, पंथ, धर्मविधी ह्यांचे उल्लेख आपण जवळजवळ सर्व काढून टाकले आहेत, असेही लिहिले. ही विसंगती नव्हे. कथेत मंदिर नाही. परंतु दुष्ट अंगठीचा नाश २५ मार्चला होतो, आणि त्या दिवशी देवदूताने मरियेला दिलेल्या शुभसंदेशाचा सण असतो. त्याहूनही खोल गोष्ट अशी की, जिवाचे रान करून अग्निपर्वतापर्यंत पोहोचलेला कथानायक फ्रोडो अखेरच्या क्षणी हरतो आणि अंगठी टाकण्यास नकार देतो. कार्य सिद्धीस जाते ते, ज्याला मारण्याची संधी असूनही ‘द हॉबिट’मधील बिल्बोने आणि पुढे फ्रोडोने दया करून जिवंत सोडले, त्या हीनदीन गॉलमच्या हातून. सात्त्विक कथा म्हणजे दुःख आणि पराभव ह्यांना मज्जाव असलेली कथा, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

लुइस ह्यांची बालपणीची श्रद्धा किशोरवयात गेली होती. १९१६ साली, सतराव्या वर्षी, रेल्वे स्टेशनावरील दुकानात त्यांनी मॅकडॉनल्ड ह्यांचे ‘फँटॅस्टीज’ विकत घेतले, आणि आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा त्या पुस्तकाने झाला असे ते पुढे मानीत. १९३१ च्या सप्टेंबरात एका रात्री ऑक्सफर्ड येथे टॉल्किन आणि ह्यूगो डायसन ह्या मित्रांशी उत्तररात्रीपर्यंत पुराणकथांच्या सत्यतेविषयी बोलणे झाले, आणि थोड्याच दिवसांत ते ख्रिस्तश्रद्धेकडे परतले. तरीही १९५० ते १९५६ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या नार्निया ह्या कल्पित देशाच्या सात पुस्तकांचा आरंभ धर्मतत्त्वातून झाला नाही. बर्फाळ रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला एक फॉन, म्हणजे अर्धा बोकड आणि अर्धा मनुष्य, हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्यांच्या मनात होते, त्यातून झाला. लेखणी कोठे चुकली तेही सांगितले पाहिजे. अखेरच्या पुस्तकात, पूर्वी नार्नियात गेलेल्या चार मुलांपैकी थोरली मुलगी सूझन नटण्यामुरडण्याच्या नादी लागल्यामुळे नार्नियाला पारखी झाल्याचे सांगितले जाते, ते घाईचे आणि कठोर वाटते; जो अवधी मॅकडॉनल्ड ह्यांची आजी कर्डीला देते, तो तिला मिळत नाही.

परंतु १९५५ चे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ वाचताना हा आक्षेप मागे पडतो. डिगरी नावाच्या मुलाची आई मरणपंथाला लागलेली आहे. दूरच्या उद्यानातील सफरचंद आणण्याची आज्ञा त्याला झालेली आहे. आणि ते चोरून आईला नेऊन दे, असे चेटकीण त्याला सांगते. तो आज्ञा पाळतो, हात रिकामे करतो, आणि आई आता जाणार असे मानून बसतो. तेव्हा, त्याच्या दुःखाने आधीच ज्याचे डोळे भरून आले होते तो अस्लान हा सिंह त्याला एक फळ आपण होऊन देतो. नऊ वर्षांच्या लुइस ह्यांनी आईसाठी केलेली प्रार्थना १९०८ साली फळाला आली नव्हती. कथेतील आई मात्र फळ खाऊन झोपी जाते आणि बरी होऊ लागते. त्या फळाचा गाभा डिगरी लंडनमधील परसात पुरतो. त्याचे झाड होते, आणि लंडनमध्ये पान हलत नसतानाही, तिकडे नार्नियात वारा सुटला की, ते अधूनमधून डोलते. पुढे वादळात ते कोसळते; प्रौढ झालेल्या डिगरीला त्याचे सरपण करवत नाही. तो त्या लाकडाचे कपाट करवून घेतो, आणि पुष्कळ वर्षांनी चार मुले त्याच कपाटातून नार्नियात शिरतात.