प्रार्थनामंदिरासाठीं ड्रमसेटची निवड

ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत तालवाद्यें वाजावींत कीं नाहींत, हा वाद फार जुना आहे. स्तोत्रसंहितेच्या १५० व्या स्तोत्रांत डफ आणि झांजा यांचा उल्लेख आहे खरा. तथापि धर्माधिकाऱ्यांची मर्जी या वाद्यांवर नेहमींच राहिली असें नाहीं. १९०३ मध्यें पोप दहावे पायस यांनीं चर्चसंगीताविषयीं जी आज्ञा काढली, तींत पियानोप्रमाणेंच ढोल, झांजा यांसारखीं गलबला करणारीं वाद्यें चर्चमध्यें वाजवूं नयेत, असें स्पष्ट म्हटलें होतें. पुढें साठ वर्षांनीं, १९६३ मध्यें, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ऑर्गनचा मान कायम ठेवून, स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें इतर योग्य वाद्यांनाहि दार उघडून दिलें.

मराठी ख्रिस्ती समाजाला मात्र उपासनेंतील ताल नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, त्या वेळच्या अहमदनगराकडे, ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू झाली. कवि नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं अभंगाच्या आणि ओवीच्या वळणावर ख्रिस्ती भजनें रचलीं. अशा कीर्तन-भजनांच्या संगतीनें टाळ, मृदंग आणि तबला हीं वाद्यें प्रार्थनामंदिरांत घरचींच होऊन बसलीं.

आज या वाद्यांच्या जोडीला तरुण गायक गिटार, की-बोर्ड आणि ड्रमसेट मागतात. त्यांच्या मागणींत वावगें कांहीं नाहीं. परंतु वाद्य घ्यावयाचें तें दानार्पणाच्या पैशांतून, आणि त्या पैशांत कोणा मोलकरणीच्या दोन दिवसांच्या मजुरीचाहि वांटा असतो. म्हणून चकचकीत रंग व मोठा आकार पाहून केलेली खरेदी म्हणजे दुसऱ्यानें विश्वासानें दिलेली ठेव उधळण्यासारखेंच होय. पैशापेक्षांहि मोठें नुकसान असें कीं, वाद्याच्या गजरांत मंडळीचें गाणें बुडालें म्हणजे मागच्या बांकांवरचे लोक हळूहळू गाणेंच सोडून देतात. वाद्य गाण्यासाठीं असतें, गाणें वाद्यासाठीं नव्हे. एवढें सूत्र ध्यानांत ठेवलें तर माफक खर्चांत योग्य ड्रमसेट निवडणें अवघड नाहीं.

ड्रमसेट म्हणजे अनेक वादकांचें काम एकट्याला करतां यावें म्हणून जुळविलेला वाद्यमेळ होय. पूर्वीं मोठा ढोल एकानें, लहान ढोल दुसऱ्यानें आणि झांजा तिसऱ्यानें वाजवाव्या, अशी रीत होती. १९०९ च्या सुमारास शिकागोच्या लडविग बंधूंनीं पायानें ढोल वाजविण्याचें सोयीचें पेडल बनविलें आणि वादकाचे हात मोकळे झाले. पुढें १९२० नंतरच्या दशकांत, पायानें मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, त्यांत येऊन मिळाली. आजच्या साध्या सेटांत पायापुढें आडवा ठेवलेला बेस ड्रम, खालच्या पुडीला तारा लावलेला व ताशासारखा कडकडणारा स्नेअर, दोन किंवा तीन टॉम, हाय-हॅट, ताल चालता ठेवणारी राइड झांज आणि ठसक्यानें सम दाखविणारी क्रॅश झांज, एवढा सरंजाम असतो.

खरेदीच्या वेळीं पहिली फसगत होते ती मोजणींत. दुकानदार चार नगांचा किंवा पांच नगांचा सेट म्हणतो तेव्हां ती मोजणी केवळ ड्रमांची असते. झांजा त्यांत धरलेल्या नसतात. पुष्कळदां सांगितलेल्या किमतींत झांजा तर नसतातच, पण त्यांचे स्टँड, पेडल आणि वादकाची बैठक यांचाहि समावेश नसतो. यासाठीं किमतीचा कागद हातीं येतांच, त्यांत काय आहे यापेक्षां काय नाहीं, हें आधीं विचारावें.

दुसरा प्रश्न, पैसा कोठें वेंचावा आणि कोठें वांचवावा. याचें उत्तर एका साध्या गोष्टींत आहे: ड्रम सुधारतां येतो, झांज सुधारतां येत नाहीं. ड्रमचें खोड पॉप्लरसारख्या स्वस्त लांकडाचें असो किंवा बर्च अथवा मेपलचें असो, त्याच्या आवाजाचा बराचसा भाग पुडीवर आणि ती कशी लावली आहे यावर अवलंबून असतो. पूर्वीं या पुड्या वासराच्या कातड्याच्या असत आणि दमट हवेंत त्या उतरत. १९५७ च्या सुमारास अमेरिकेंत रेमो बेली इत्यादिकांनीं प्लॅस्टिकच्या पातळ पटलाच्या पुड्या बाजारांत आणल्या, तेव्हांपासून ही अडचण दूर झाली. कोंकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यांत हा लाभ लहान नव्हे. जुन्या, स्वस्त सेटावर नवीन पुड्या चढवून, किल्लीनें समोरासमोरचे स्क्रू सारख्या प्रमाणांत आवळले, तर त्याच सेटाचा आवाज ओळखूं येणार नाहीं इतका बदलतो.

झांजेचें तसें नाहीं. तिचा स्वर धातूंतच ठरलेला असतो. अगदीं स्वस्त सेटाबरोबर मिळणाऱ्या झांजा बहुधा पितळेच्या असतात. त्यांचा आवाज खरखरीत, भांडें पडल्यासारखा येतो, आणि तो कोणत्याहि किल्लीनें गोड होत नाहीं. त्यांहून बऱ्या झांजा सुमारें ९२ भाग तांबें आणि ८ भाग कथील यांच्या मिश्रधातूच्या असतात. उत्तम झांजांत कथिलाचें प्रमाण २० भागांपर्यंत जातें, म्हणजे आपल्या घरांतील काशाच्या वाटीच्या ती अगदीं जवळ येते. काशाची वाटी आणि पितळेची वाटी एकामागून एक वाजवून पाहिली, तर हा भेद कोणाच्याहि कानाला पटेल. म्हणून जवळ असलेल्या रकमेचा निम्मा भाग झांजा, पेडल आणि बैठक यांसाठीं राखून ठेवावा व उरलेल्या निम्म्यांत ड्रम पाहावेत. तीन झांजांना पैसे पुरत नसतील तर चांगली हाय-हॅट आणि एकच चांगली राइड घ्यावी. क्रॅश पुढच्या वर्षीं आली तरी उपासना अडत नाहीं.

तिसरी गोष्ट आकाराची. मोठ्या मैदानावरील जलशासाठीं २२ इंच व्यासाचा बेस ड्रम शोभतो; साठ-सत्तर माणसांच्या प्रार्थनामंदिराला १८ किंवा २० इंचांचा पुरेसा होतो. त्याबरोबर १२ आणि १४ इंचांचे दोन टॉम व १४ इंचांचा स्नेअर असला कीं झालें. लहान सेट सहसा स्वस्त पडतो, जागा कमी अडवितो आणि त्याचा आवाज आवरणें सोपें जातें.

आवाज आवरणें ही केवळ अभिरुचीची बाब नाहीं, आरोग्याचीहि आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेनें कामगारांसाठीं सुचविलेली मर्यादा अशी आहे कीं, ८५ डेसिबलचा आवाज दिवसांतून ८ तासांहून अधिक ऐकूं नये, आणि पुढें दर ३ डेसिबलांस हा वेळ निम्मा धरावा. या हिशेबानें १०० डेसिबलला अवघीं १५ मिनिटें उरतात, आणि जोरानें वाजविलेला ड्रमसेट वादकाच्या जवळ ही पातळी सहज गांठतो. दगडी भिंती आणि उघडी फरशी असलेल्या इमारतींत आवाज परतून येतो व शब्द अस्पष्ट होतात. यावर स्वस्त उपाय पुष्कळ आहेत. सेटाखालीं जाड सतरंजी घालावी, बेस ड्रमच्या पोटांत घडी केलेली रजई ठेवावी, जाड काठ्यांऐवजीं बारीक काड्यांच्या जुड्या किंवा तारांचे ब्रश वापरावे. पारदर्शक पडदे विकत मिळतात. पण त्यांच्या आधीं वादकाला हलक्या हातानें वाजविण्याची शिकवण द्यावी, कारण तिला खर्च पडत नाहीं.

जुना सेट घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र तो नीट पारखून घ्यावा. ड्रमची पुडी काढून खोडाची कड सपाट कांचेवर टेकवावी आणि आंतून दिवा धरावा; कडेखालून उजेडाची फट दिसली तर खोड वांकलें आहे किंवा कड झिजली आहे असें समजावें. प्रत्येक स्क्रू फिरवून त्याचे आटे शाबूत आहेत कीं नाहींत तें पाहावें. स्नेअरच्या तारा चढविणारा-उतरविणारा खटका चालवून बघावा. झांजेच्या कांठावरून बोट फिरवावें आणि मधल्या भोंकाभोंवतीं बारकाईनें पाहावें. केसाएवढी चीर असली तरी ती वाढत जाते, म्हणून अशी झांज कितीहि स्वस्त मिळाली तरी नाकारावी.

याउपर असाहि प्रसंग येतो कीं, ड्रमसेट न घेणें हेंच शहाणपणाचें ठरतें. शेजारीं दाट वस्ती असेल तर विजेवर चालणारा ड्रमसेट सोयीचा, कारण त्याचा आवाज बटणानें कमी करतां येतो. परंतु त्याला ध्वनिवर्धक लागतो, आणि वीज गेली कीं तो मुका होतो. तीस-चाळीस माणसांच्या मंडळीला पेरू देशांतून आलेला काहोन पुरतो. ही एक लांकडी पेटी असून वादक तिच्यावरच बसून पुढची फळी हातांनीं वाजवितो. आणि ज्या मंडळीच्या कपाटांत चांगला तबला किंवा ढोलकी पडून आहे, तिनें प्रथम त्यांच्या पुड्या दुरुस्त करून घ्याव्यात, हें सांगावयास नकोच.

अखेरची कसोटी मात्र दुकानांत होत नाहीं. विक्रेत्याशीं बोलून, सेट एका रविवारीं प्रार्थनामंदिरांतच मांडावा. सर्वांना ठाऊक असलेलें एखादें भजन त्यावर वाजवावें, मंडळीनें नेहमींप्रमाणें गावें, आणि सर्वांत मागच्या बांकावर बसणाऱ्या वृद्ध आजीबाईंना विचारावें कीं, शब्द कळले का आणि आपला स्वतःचा आवाज आपल्याला ऐकूं आला का. दोन्ही प्रश्नांना होकार मिळाला तर पैसे मोजावेत. एकाला जरी नकार मिळाला, तरी आधीं सेटाची जागा, काठ्या किंवा वादकाचा हात बदलून पाहावा. आणि तरीहि नकारच आला, तर पैसे पेटींतच राहूं द्यावेत.