पत्रिकेसोबत मातीही वाचू या

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शेतकरी गटांसोबत काम करताना दर मे महिन्यात एकच प्रश्न पुढे येतो : यंदा खताच्या किती गोण्या घ्यायच्या? पैसे बहुधा उधारीचे असतात. म्हणून उत्तर जपून द्यावे लागते.

मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब अशा १२ बाबी तिच्यात असतात. त्या उपयोगाच्याच आहेत. पण मातीचा थर किती खोल आहे आणि पाऊस तिच्यात किती मुरतो, हे पत्रिका सांगत नाही. नाचणी-वरईची आमची वरकस जमीन उताराची आणि उथळ. खरी अडचण बहुधा इथेच असते. ती घरच्या साहित्यानेही तपासता येते.

खोली : मुरूम लागेपर्यंत खणा. माती जेमतेम वीतभर असेल, तर पावसाने आठ-दहा दिवस ओढ देताच पीक माना टाकते.

पोत : ओली माती अंगठा व बोट यांच्यात दाबून पट्टी काढा. पट्टी निघतच नसेल तर माती रेताड. दोन इंचांहून लांब निघाली तर चिकण.

घडण : वाळलेले लहान ढेकूळ पेलाभर पाण्यात अलगद सोडा. पाच मिनिटांत ते ढासळले, तर मातीची पकड कमी आहे.

मुरवण : दोन्ही तोंडे कापलेला डबा दोन इंच जमिनीत ठोका. त्यात इंचभर पाणी ओता. ते जिरल्यावर पुन्हा तेवढेच ओता आणि या दुसऱ्या पाण्याला लागलेला वेळ मोजा.

पावसाळ्यात फावडेभर मातीतली गांडुळेही मोजा.

प्रत्येक तपासणी शेतात एकदा आणि बांधावरच्या जुन्या झाडाखाली एकदा करा. तुलनेतूनच खरे कळते. एका गटात शेतातले ढेकूळ लगेच विरघळले, आंब्याखालचे मात्र तसेच राहिले. एक आजी म्हणाल्या, “म्हंजे पाऊस माझी माती नेतो, न् खत बी.” शिवार एकच, पण आंब्याखाली वर्षानुवर्षे पाला कुजला होता आणि तिथे नांगर फिरला नव्हता.

अशा शेतात आधी उताराला आडवे दगडी बांध घालावेत, नांगरटही आडवी करावी. राबासाठी भाजला जाणारा पाला थोडा तरी शेतात कुजू द्यावा. शेणखत वाढवावे. मग पत्रिकेप्रमाणे नेमके तेवढेच खत घ्यावे.

फरक एका पावसात दिसत नाही. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात तपासा आणि वहीत लिहून ठेवा. माती जागेवर राहिली, तरच उधारीने आणलेले खत पिकाला मिळेल.