उद्याच्या टप्प्याची ओढ
बहुदिवसीय सायकल शर्यत आणि घरातील ज्येष्ठ

निवृत्तीनंतरच्या दिवसांविषयी ज्येष्ठांशी बोलताना गुडघ्यांच्या आणि रक्तदाबाच्या तक्रारींच्या मागे आणखी एक तक्रार दडलेली असते. आजचा दिवस कालच्यासारखाच गेला आणि उद्याचाही तसाच जाणार, ही ती तक्रार. वर्तमानपत्र वाचून होते, दुपारची झोप होते, औषधांच्या गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या जातात. पण ‘उद्या काय होईल?’ अशी उत्सुकता लावणारे काही हाताशी नसते. घरातील कर्त्या माणसांना हे उमगतेच असे नाही. वडील कमी बोलू लागले, आईचे जेवण कमी झाले, एवढेच त्यांना दिसते.

या उणिवेवर एक साधा, बिनखर्चाचा उपाय खेळात सापडू शकतो. क्रिकेटचे नाव आपण घ्यालच. पण आज आपल्यापुढे मांडायची आहे ती अनेक दिवस, टप्प्याटप्प्याने चालणारी सायकल शर्यत. ती पाहण्याची गोडी एकदा लागली की दिवसाला वळण येते. मात्र ती पाहताना प्रकृतीची काही पथ्येही सांभाळावी लागतात.

ही शर्यत असते कशी?

अशा शर्यतींत सर्वांत नावाजलेली ‘टूर द फ्रान्स’. १९०३ साली एका फ्रेंच क्रीडा दैनिकाने आपला खप वाढविण्यासाठी ती सुरू केली, तेव्हा तिचे सहा टप्पे होते. आज ती प्रायः जुलै महिन्यात तीन आठवडे चालते. एकवीस टप्पे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर आणि मध्ये विश्रांतीचे दोन दिवस, अशी तिची रचना असते. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मिळवला जातो आणि ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी, तो विजेता. आज मागे पडलेला उद्या पुढे येऊ शकतो. एकूण वेळेत आघाडीवर असलेला पिवळा सदरा घालतो, तर डोंगरावरील चढांत सरस ठरणारा लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा. एवढी दोन चिन्हे ओळखता आली तरी पाहणाऱ्याला शर्यतीचे सूत्र सापडते.

महाराष्ट्राला सायकल शर्यतींचे प्रेम नवे नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०२६ मध्ये, १९ ते २३ या तारखांना, ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय दर्जाची व्यावसायिक शर्यत पुणे जिल्ह्यात झाली. आरंभीची छोटी फेरी आणि त्यानंतर चार टप्पे मिळून सुमारे ४३७ किलोमीटरांची ही शर्यत होती. पूर्वी दूरदेशीच्या चित्रफितींत दिसणारा सायकलस्वारांचा तो रंगीत जथा आपल्याच घाटरस्त्यांवरून गेला.

नागपूरचा ठिपका

नागपूरकरांना या नादाची ओळख मात्र वेगळ्या वाटेने झाली. आपल्याच शहरातील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून मेरीलँडमधील अनापोलिसपर्यंतचे सुमारे ४८०० किलोमीटरांचे हे अंतर त्यांनी बारा दिवसांच्या आत कापले. त्याच वर्षी सैन्यदलातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली. ही शर्यत एकट्याने पार करणारे हे पहिले दोन भारतीय. त्या शर्यतीत टप्पे नसतात. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही, झोपेचा वेळही त्यातच मोजला जातो. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, डॉ. समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही पंधरा टप्प्यांची, नऊ हजार किलोमीटरांहून लांब अशी ‘ट्रान्स-सायबेरियन’ शर्यतही पूर्ण केली. तिचा एक टप्पा तर हजार किलोमीटरांहून मोठा होता.

अशा शर्यतींत प्रेक्षागृह नसते. अमेरिकेतील त्या शर्यतीत स्वार कोठे आहे हे संगणकाच्या नकाशावरील एका ठिपक्यावरून कळते. कॅलिफोर्नियात मध्यरात्र असते तेव्हा नागपुरात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे आपण वरण-भात जेवत असताना तो ठिपका अंधारात वाळवंट ओलांडत असतो. ज्यांनी असा ठिपका कधी डोळ्यांत तेल घालून पाहिला असेल, त्यांना ठाऊक आहे की तो हलला नाही तर जीव कसा टांगणीला लागतो आणि पुन्हा हलू लागला की हायसे वाटते. आपल्या गावचा माणूस, त्याची वाट आणि आपली ओढ, एवढ्यावर ज्येष्ठाचा दिवस भरून जाऊ शकतो.

मनाला काय मिळते?

पहिला लाभ म्हणजे ‘उद्या’. आजचा टप्पा संपला की उद्याच्या टप्प्याचा नकाशा पाहायचा, चढ कोठे आहे ते शोधायचे, कोण जिंकेल याचा अंदाज बांधायचा. एका वहीत रोजचा विजेता, अंतर आणि आघाडीवीराची वेळ टिपून ठेवावी. यात स्मरण, हिशेब आणि लेखन यांना एकत्र चालना मिळते. नातवंडाशी बिनपैशांची पैज लावली तर संवादही वाढतो. शाळेतून आलेला नातू ‘आज कोण जिंकले?’ असे आजोबांना विचारतो, तेव्हा कित्येक दिवसांनी घरातील एखादी माहिती केवळ त्यांच्यापाशी असते.

दुसरा लाभ आठवणींचा. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या पिढीचे अर्धे आयुष्य सायकलवर गेले आहे. दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकलेली सायकल, नगरपालिकेचा कराचा बिल्ला, डायनॅमोचा दिवा, डबलसीट जाताना शिपायाने धरल्याची फजिती, सेमिनरी हिल्सच्या चढावर उतरून हातात धरून नेलेली सायकल. शर्यत पाहता पाहता हे सारे आपोआप ओठांवर येते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला शर्यतीचे नियम कळणार नाहीत, पण चाकांची गती, हिरवी शेते आणि डोंगर पाहून तिचे मन रमू शकते. अशा वेळी ‘आठवते का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये. ‘तुमची सायकल कोणती होती?’ असे सहज विचारावे आणि मिळेल ते उत्तर आनंदाने ऐकावे. दृश्यांचा वेग किंवा आवाज सोसवेनासा झाला, तर दूरदर्शन संच लगेच बंद करावा.

शरीराची पथ्ये

खेळाचा आवेग हृदयावर परिणाम करतो, हे निव्वळ बोलणे नाही. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी जर्मनीतील म्युनिक परिसरात पाहणी झाली. जर्मन संघाचे सामने असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या प्रसंगांचे प्रमाण इतर दिवसांच्या अडीचपटीहून अधिक आढळले आणि आधीपासून हृदयरोग असलेल्यांना धोका विशेष होता. सायकल शर्यतीची जात निराळी आहे. चार-पाच तासांतील बराचसा वेळ ती संथ असते, खरा थरार शेवटच्या अर्ध्या तासात. तरीही पुढील गोष्टी ध्यानात असाव्यात.

एक, सलग बसू नये. बसून राहिल्याने पोटऱ्यांच्या स्नायूंची हालचाल थांबते, रक्त पायांत साकळते, सूज येते. दर अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात दोन-तीन मिनिटे चालावे. उठवत नसेल त्यांनी बसल्या जागी टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत. डॉक्टरांची अनुमती असल्यास खुर्चीपुढे ठेवण्याचे छोटे पेडलयंत्र शर्यतीच्या संथ भागात दहा मिनिटे चालवता येते. श्वास लागल्यास, चक्कर आल्यास किंवा छातीत दाटल्यास तत्काळ थांबावे.

दोन, औषधांची वेळ शर्यतीसाठी पुढे ढकलू नये. टूर द फ्रान्सचे टप्पे आपल्याकडे साधारणतः सायंकाळी साडेचारच्या सुमारास सुरू होऊन रात्री नऊच्या आसपास संपतात. मधुमेही व्यक्तीच्या रात्रीच्या गोळीची, इन्सुलिनची आणि जेवणाची वेळ नेमकी त्यातच येते. गजर लावून ठेवावा. जेवण उशिरा झाले तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते.

तीन, चिवडा, शेव आणि पापड यांना आवर घालावा. पडद्याकडे पाहताना किती खाल्ले याचे भान राहत नाही आणि त्यातील मीठ रक्तदाब वाढविते. भाजलेले फुटाणे किंवा फळाच्या चार फोडी वाटीत मोजून घ्याव्यात. जुलैच्या दमट हवेत पाणी घोट घोट पीत राहावे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे.

चार, झोप मोडू नये. टप्पा संपला की संच बंद करावा. पुढचा वृत्तांत सकाळच्या चहाबरोबरही तितकाच गोड लागतो. नकाशावरील ठिपका पाहण्यासाठी मध्यरात्री उठणे तर कटाक्षाने टाळावे. आपण झोपल्याने स्वार थांबत नाही.

छातीत दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे, दरदरून घाम सुटणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही जाणवले तर शेवटचा किलोमीटर पाहून मग बघू, असे म्हणू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

रस्त्याच्या कडेला उभे राहायचे असेल तर

शर्यत आपल्या किंवा नातलगांच्या गावातून जाणार असेल, तर ज्येष्ठांना अवश्य न्यावे. मात्र रस्ते बराच आधी बंद होतात आणि शर्यत सरेपर्यंत वाहन मिळत नाही, हे लक्षात घेऊन बेत आखावा. जवळ स्वच्छतागृह आणि सावली आहे असे ठिकाण निवडावे. घडीची खुर्ची, टोपी, पाणी, थोडे खाणे, दुपारची औषधे आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. सपाट रस्त्यावर स्वारांचा जथा ताशी चाळीस किलोमीटरांहून अधिक वेगाने क्षणात निघून जातो. चढावर तो सावकाश जातो, चेहरे दिसतात, म्हणून चढाजवळची जागा बरी. अडथळ्याच्या आतच बसावे. छायाचित्रासाठी हात किंवा काठी रस्त्यावर पुढे करू नये, कारण तेवढ्यानेही अनेक स्वार पडू शकतात.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

या शर्यतीतील एक गोष्ट घरातील शुश्रूषा करणाऱ्यांनी विशेष पाहण्याजोगी आहे. विजेता एकटा दिसत असला तरी त्याच्यापुढे वारा अडवीत चालणारे त्याचे सहकारी असतात. त्यांच्या आडोशाने चालल्यास मागच्या स्वाराची पाव ते एक तृतीयांश शक्ती वाचते. हे सहकारी मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, वेळ पडल्यास स्वतःचे चाक नायकाला देतात. फ्रेंच भाषेत त्यांना चक्क ‘घरगडी’ या अर्थाचा शब्द आहे. पण त्यांच्यातही पाळी असते. पुढे राहून वारा झेलणारा दमला की तो बाजूला होतो आणि दुसरा पुढे येतो. एकालाच सर्वकाळ पुढे ठेवणारा संघ डोंगरापर्यंत पोहोचत नाही.

आपल्या घरात वारा झेलणारी व्यक्ती बहुधा एकच असते: सून, मुलगी, पत्नी किंवा पती. तिच्या पाळीची आठवण कोणी ठेवत नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या सेवेत पाठदुखी, अपुरी झोप, चिडचिड आणि खिन्नता हळूहळू घर करतात. जगातील सर्वांत कणखर स्वारांनाही तीन आठवड्यांत विश्रांतीचे दोन दिवस देणे आयोजकांना आवश्यक वाटते, तर घरातील माणसाला ते का नसावेत? शर्यतीचे दोन-तीन तास वडिलांसोबत भावाने, भाच्याने किंवा शेजारच्या काकांनी बसावे, म्हणजे नेहमीच्या माणसाला तेवढी मोकळीक मिळेल. त्या वेळात घरचे दुसरे काम काढू नये. झोपावे, मैत्रिणीकडे जावे, अंबाझरीवर फेरी मारून यावे.

एकूण वेळेत सर्वांत शेवटी असलेल्या स्वाराला फ्रान्समध्ये ‘तांबडा दिवा’ म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्यावरील दिव्यावरून. प्रेक्षक त्याचेही टाळ्या वाजवून स्वागत करतात, कारण इतके डोंगर ओलांडून तो अजून शर्यतीत टिकलेला असतो. आपल्या घरातील ज्येष्ठांशेजारी बसून हा शेवटचा स्वार येईपर्यंत थांबा. निकाल आधीच लागलेला असेल, तरीही थांबा; मग उद्याचा टप्पा किती वाजता आहे ते वहीत त्यांनाच लिहू द्या.