वीस इंचांचा कौल: लिव्हर-ॲक्शन रायफलीच्या नळीची लांबी

अमेरिकेतील न्यू हेवन येथील विंचेस्टर कंपनीची 1873 सालची लिव्हर-ॲक्शन रायफल एकाच यंत्ररचनेवर तीन लांबीच्या नळ्या बसवून विकली जात असे: लष्करासाठी 30 इंची नळीची मस्केट, शिकारी आणि सर्वसाधारण गिऱ्हाइकासाठी 24 इंची नळीची रायफल आणि घोडेस्वारासाठी 20 इंची नळीची कार्बाइन. सुरुवातीला तिन्हींचे काडतूस एकच होते, .44-40 या नावाचे, ज्यात 200 ग्रेन वजनाची शिशाची गोळी आणि 40 ग्रेन काळी दारू भरलेली असे. ग्रेन हे जुने वजन असून एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. चाप, घोडा आणि आतली कळ यांतही मूलतः फरक नसल्यामुळे गिऱ्हाइकासमोर खरा प्रश्न उरत असे तो नळीच्या लांबीचाच, आणि तो प्रश्न आजही जवळजवळ त्याच स्वरूपात विचारला जातो.

लांबीचा विचार या जातीच्या रायफलीत इतर रायफलींपेक्षा वेगळा का ठरतो, हे तिच्या रचनेवरून कळते. चापाभोवतीचे कडे मागे लांबवून त्याचाच दांडा, म्हणजे लिव्हर, केलेला असतो. त्यात बोटे अडकवून तो खाली व पुढे ढकलला की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो, आणि तो परत जागेवर ओढला की नवे काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी जाऊन बसते. ही नवी काडतुसे नळीखाली जोडलेल्या दुसऱ्या, पातळ पत्र्याच्या नळीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, एकामागे एक आडवी पडलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटत राहते. त्यामुळे वरची नळी आखूड केली की खालचे मॅगझिनही आखूड होते आणि हातातली काडतुसे घटतात. .44-40 चे एक काडतूस सुमारे 1.6 इंच लांब असल्याने 4 इंच नळी गेली की साधारण अडीच काडतुसांची जागा जाते; 1873 च्या रायफलीत 15 आणि कार्बाइनमध्ये 12 काडतुसे मावत, त्यामागचा हिशेब हा असा सरळ आहे.

काडतुसे अशी एकामागे एक असण्याचा दुसरा परिणाम अधिक खोलवर जातो. मागच्या काडतुसाचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे जिथे आघाताने पेटणारी टोपी बसवलेली असते तिथे टेकलेले असते. टोकदार गोळीने धक्क्यासरशी ती टोपी पेटण्याचा धोका असल्यामुळे या रायफलींत परंपरेने चपट्या टोकाची गोळी वापरली जाते. अशी गोळी हवेत वेग लवकर गमावते. म्हणजेच नळी लांब करून सुरुवातीला थोडा जास्त वेग मिळवला, तरी त्या वेगातून फार लांबचा पल्ला पदरात पडत नाही, आणि लांब नळीच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण नेमकी हीच गोष्ट हिशेबात धरत नाहीत.

वेगाचे गणितही काडतुसागणिक बदलते. दारू पेटल्यावर तयार होणारा वायू नळीत असेपर्यंत गोळीला ढकलतो. पण गोळी पुढे सरकते तशी मागची पोकळी वाढते, दाब उतरतो आणि शेवटी नळीतल्या आट्यांशी होणारे घर्षण त्या दाबाला भारी पडू लागते. .22 च्या छोट्या काडतुसात ही अवस्था 16 इंचांच्या आसपासच येते, त्यामुळे त्यापुढची लांबी वेगाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते. .357 मॅग्नम हे मुळात रिव्हॉल्व्हरचे काडतूस. 4 इंची नळीतून सेकंदाला सुमारे 1250 फूट वेगाने सुटणारी त्याची गोळी कार्बाइनच्या 18 इंची नळीतून 1800 फुटांच्या आसपास पोहोचते, मात्र नळी आणखी वाढवून हाती येणारी भर किरकोळ असते. याउलट 1895 साली धूरविरहित दारूसह आलेल्या .30-30 ला लांबीचा फायदा थोडा अधिक मिळतो: 150 ग्रेनच्या गोळीचा 24 इंची चाचणी नळीतला छापील वेग 2390 फूट असतो आणि 20 इंची नळीत तो 2200 ते 2300 फुटांपर्यंत उतरतो. दाट रानात शंभर यार्डांच्या आत उभ्या असलेल्या हरणाच्या बाबतीत हा फरक निर्णायक नाही.

लांब नळीचा खरा गुण नेमात आहे. उघड्या डोळ्याने नेम धरताना मागची खाच, पुढच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणावे लागतात, आणि खाच व माशी यांच्यातील अंतर जितके जास्त तितकी हाताची चूक लक्ष्यावर कमी मोठी होऊन उतरते. माशी इंचाचा शंभरावा भाग बाजूला सरकली असे धरले, तर दोहोंतील अंतर 16 इंच असताना शंभर यार्डांवर गोळी सव्वादोन इंच चुकते आणि अंतर 20 इंच असताना पावणेदोन इंचांच्या थोडी वर. त्याशिवाय पुढे गेलेली माशी वय झालेल्या डोळ्यांना अधिक स्पष्ट दिसते आणि नळीचे वजन पुढे असल्याने रायफल हातात डुलत नाही. (भरलेले मॅगझिनही या वजनात भर घालते, 15 काडतुसांचे सुमारे 300 ग्रॅम गोळीगणिक कमी होत जातात आणि तोल हळूहळू मागे सरकतो.) मात्र रायफलीवर दुर्बीण बसवली की खाच-माशीचा हा सारा युक्तिवाद गळून पडतो. काडतूस बाजूला फेकणाऱ्या मार्लिन कंपनीच्या रायफलीवर दुर्बीण सहज बसते. वरच्या बाजूला फेकणाऱ्या जुन्या विंचेस्टरवर ती नीट बसत नाही.

आखूड नळीचे समर्थन बंदूक वागवणाऱ्या माणसाकडून येते. खोगिराच्या बाजूला चामड्याच्या म्यानात, झाडीत किंवा गाडीत सुमारे 43 इंच लांब आणि 4 किलोची 24 इंची रायफल अडते, तर विंचेस्टरच्या 1894 च्या कार्बाइनची एकूण लांबी सुमारे 38 इंच आणि वजन 3 किलोच्या आतबाहेर असते. फार आखूड केले की किंमतही मोजावी लागते: आवाज आणि ज्वाला कानाजवळ येतात, हलक्या बंदुकीचा धक्का खांद्याला जास्त बसतो. सापळे लावणाऱ्यांसाठी पूर्वी 14-15 इंची नळ्याही बनत. अमेरिकेच्या 1934 च्या कायद्याने रायफलीच्या नळीसाठी 18 इंचांची मर्यादा घातली, 1960 साली ती 16 इंचांवर आली आणि आजच्या आखूड नळ्या त्या आकड्याला धरूनच बनतात. भारतात नळी परवान्याशिवाय आखूड करणे हा 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 6 खाली गुन्हा आहे, त्यामुळे लांबीचा निर्णय येथे खरेदीच्या वेळीच संपतो.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आखलेल्या 1894 च्या विंचेस्टरची रायफल 26 इंची नळीची होती आणि कार्बाइन 20 इंची. न्यू हेवनचा कारखाना 2006 साली बंद होईपर्यंत हे मॉडेल 70 लाखांहून अधिक विकले गेले आणि त्याचे ओळखीचे रूप ठरले ते कार्बाइनचेच. मार्लिनच्या 336 या मॉडेलनेही 1948 पासून तीच लांबी प्रमाण मानली. ज्याला उघड्या खाच-माशीने, एका जागी उभे राहून कागदी लक्ष्यावर नेम धरायचा आहे त्याने 24 इंच घ्यावेत, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची रायफल घेणाऱ्याला 16 ते 18 इंच पुरतात, आणि .30-30 घेऊन रानात चालणाऱ्याला 20 इंचांपेक्षा वेगळे काही निवडण्याचे सबळ कारण नाही.