प्रभातफेरी झाली, आता यादी उघडा: घरातली नावं शोधायचं काम पोरांकडे द्या

निवडणूक जवळ आली की शाळेच्या पोरांची प्रभातफेरी निघते. हातात फलक, पुढे लेझीम, मागे घसा बसेपर्यंत घोषणा. गावात निघते तशीच ती अंधेरी, घाटकोपर, मुलुंडमध्येही निघते. तरी २०२४ च्या लोकसभेला, २० मे रोजी, बोरिवलीचा उत्तर मुंबई, अंधेरीचा वायव्य मुंबई आणि मुलुंड-घाटकोपरचा ईशान्य मुंबई हे तिन्ही मतदारसंघ ६० टक्क्यांच्या आतच थांबले. ऊन होतं, काही केंद्रांवर रांगा हलत नव्हत्या, हे खरंच. पण केंद्रावर जाऊन 'यादीत नाव नाही' ऐकून परत फिरलेलेही होते. त्यांना घोषणेची गरज नव्हती. कुणीतरी महिनाभर आधी यादी उघडून बघायला हवी होती. घरात हे काम सगळ्यात पटकन कोण करेल, तर नववी ते बारावीतलं पोर.

शाळकरी मुलांमार्फत घरापर्यंत पोचायचं, ही निवडणूक आयोगाची जुनीच वाट. २००९ मध्ये सुरू झालेल्या 'स्वीप' या मतदार जागृती कार्यक्रमात संकल्पपत्र आलं. मूल कागद घरी नेतं, आई-वडील 'आम्ही मतदान करू' म्हणून सही करतात, कागद शाळेत परत जातो. पुढे २५ जानेवारी २०१८ ला, राष्ट्रीय मतदार दिनी, नववी ते बारावीसाठी मतदार साक्षरता मंडळं सुरू झाली. अमेरिकेतही ॲरिझोना राज्यात १९८८ साली 'किड्स व्होटिंग' नावाचा असाच उपक्रम निघाला. कल्पना कोस्टा रिकाची, तिथे मुलं आई-वडिलांबरोबर केंद्रावर जातात. शाळेतला विषय घरच्या जेवणात निघायला लागला की थोरांचंही मतदान वाढतं, असं तिथल्या अभ्यासकांना दिसलं.

पण सहीचा कागद शाळेत जमा झाला म्हणून नाव यादीत येत नाही. उपनगरातली अडचण वेगळीच आहे. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते. चाळ पुनर्विकासाला गेली की कुटुंब काही वर्षं दुसरीकडे, नाव मात्र जुन्या पत्त्यावर. कोकणातून, सातारा-सांगलीकडून आलेल्या घरांत एकाचं नाव गावी, एकाचं मुंबईत, तर काहींचं दोन्हीकडे. कायद्याने नाव एकाच ठिकाणी चालतं. नोंदणीच्या अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे मुंबईतल्या भावाचं नाव नक्की कुठे ठेवायचं, हे गावाकडच्या घरानेही एकदा बसून ठरवलेलं बरं.

काम अवघड नाही. आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा ॲपवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की मतदारसंघ, यादीचा भाग, अनुक्रमांक आणि केंद्र दिसतं. काहीच आलं नाही तर नावाने शोधायचं. कपाटात कार्ड आहे म्हणजे यादीत नाव आहेच, असं समजू नका. बहुतेकांची फसगत इथेच होते. नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला नमुना ८, मयत माणसाचं नाव काढायला नमुना ७. अडलं तर १९५० वर फोन. मोबाईल पोराने चालवावा, पण अर्जातली माहिती मोठ्यांनी वाचूनच पुढे पाठवावी, कारण जबाबदारी त्यांची. आणि ओटीपी किंवा कार्डाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा नाही, हे शाळेने पहिल्याच दिवशी सांगावं.

बारावीच्या पोरांना तर स्वतःचंही काम आहे. १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला १८ पूर्ण असतील, त्या तारखेच्या हिशेबाने नाव लागतं. २०२२ च्या आधी फक्त १ जानेवारी धरली जायची.

तारखेचा घोळ मात्र महागात पडतो. मुंबई महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, पण यादी धरली १ जुलै २०२५ ची. दिवाळीत नाव नोंदवून आलेल्याला त्या वेळी उपयोग नव्हता. झेडपी, ग्रामपंचायतीलाही विधानसभेचीच यादी, आधी ठरलेल्या तारखेची, वापरतात. म्हणून यादी बघायचा दिवस निवडणूक जाहीर झाल्यावर नव्हे, जूनमध्ये शाळा उघडल्यावर ठेवावा.

एक सीमा शिक्षकांनी पक्की ठेवायची. 'मत द्या' सांगणं वेगळं, 'अमक्याला द्या' सांगणं वेगळं. ५ फेब्रुवारी २०२४ ला आयोगाने पक्षांना बजावलं की पत्रकं वाटणं, घोषणा देणं, सभा-फेरी, कुठल्याच प्रचारात मुलं नकोत. त्याच महिन्यात कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांचा शाळेतला व्हिडिओ फिरला. आई-वडिलांनी मला मत दिलं नाही तर दोन दिवस जेवू नका, असं ते मुलांना सांगत होते. त्यावर राज्यभर टीका झाली. संकल्पपत्र असो की यादीची तपासणी, कागदावर पक्षाचं नाव, नेत्याचा फोटो, चिन्ह यातलं काही नको. घरी गेलेल्या पोराने एवढंच विचारायचं: 'नाव आहे का, आणि केंद्र कुठलं?' मत कुणाला, हे आई-बापांनीही त्याला सांगायची गरज नाही.