पाळणाघर: नातवंडांचे आणि आजी-आजोबांचेही

नातवंडे म्हणजे दुधावरची साय, असे आपल्याकडे म्हटले जाते. ही साय जपण्यात आजी-आजोबांना आनंद असतो, यात शंका नाही. परंतु मुलगा आणि सून दोघेही कामावर जाऊ लागले की सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा सारा भार बहुधा घरातील ज्येष्ठांवर येतो. वर्ष-दीड वर्षाचे मूल साधारण दहा किलो वजनाचे असते. त्याला दिवसातून अनेकदा उचलणे, वाकून भरवणे, मागे धावणे हे गुडघेदुखी, ठिसूळ हाडे किंवा उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीला सोपे नसते. दुपारची विश्रांती हुकते, औषधांच्या वेळा चुकतात, डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली जाते. म्हणून चांगले पाळणाघर हा जितका बालकांच्या, तितकाच वृद्धांच्याही आरोग्याचा प्रश्न आहे.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. मात्र शेतमजूर, घरकामगार, भाजीविक्रेत्या स्त्रिया या तरतुदीच्या बाहेर राहतात. अंगणवाडी गावोगावी आहे, पण ती साधारणतः दिवसातील काही तासच चालते. आईची मजुरी त्याहून लांब असते. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती'मधील 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची कल्पना आहे. सर्वसाधारण राज्यांत तिचा खर्च केंद्र आणि राज्य साठ-चाळीस या प्रमाणात उचलतात.

मग स्थानिक स्वराज्य संस्थांचे काम काय? महिला व बालविकास हा विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोग्या विषयांत आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. हा आकडा ऐकायला मोठा, पण हिशेब करून पाहावा. समजा, एखाद्या पंचायतीचे स्वउत्पन्न पाच लाख रुपये आहे. दहा टक्के म्हणजे पन्नास हजार. त्यातून एक सेविका आणि एक मदतनीस यांना वर्षभर मानधन द्यायचे, तर प्रत्येकीच्या वाट्याला महिन्याला जेमतेम दोन हजार रुपये येतील. एवढ्यावर जबाबदार, प्रशिक्षित माणूस टिकणार नाही.

म्हणून कामाची वाटणी व्हावी. मानधन आणि आहाराचा नियमित खर्च केंद्र व राज्याने उचलावा. पंचायतीने किंवा नगरपालिकेने सुरक्षित खोली, कुंपण, पिण्याचे पाणी, मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि देखरेख यांची हमी घ्यावी. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ साली 'कूसिन मने', म्हणजे 'बाळाचे घर', ही पाळणाघरे चार हजार ग्रामपंचायतींत उघडण्याचे जाहीर केले, ते पंचायतीलाच केंद्रस्थानी ठेवून.

येथे ज्येष्ठांचा शब्द मोलाचा ठरू शकतो. ग्रामसभेला आणि तिच्याआधी होणाऱ्या महिला सभेला अवश्य जावे. गावात सहा वर्षांखालील किती मुलांच्या माता कामावर जातात, त्यांची यादी सोबत न्यावी. महिला व बालकल्याणाचा राखीव निधी गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, हे विचारावे. अंगणवाडीची वेळ वाढवून तेथे पाळणाघर सुरू करण्याचा प्रस्ताव ठरावाच्या रूपाने मांडावा. पाळणाघर सुरू झाल्यावरही सेविकांची संख्या पुरेशी आहे का, झोपण्याची जागा, औषधपेटी आणि मूल कोणाच्या हाती सोपवले याची नोंद आहे का, हे अधूनमधून पाहावे.

नातवंडांना गोष्ट सांगणे, घास भरवणे, अंगणात फिरवणे हे सुख कोणतेही पाळणाघर हिरावून घेत नाही. दिवसाचे श्रम वाटून घेतले गेले, तर संध्याकाळी त्या सुखासाठी अंगात त्राण उरते.